लाकडातली अळी लांब मिशांच्या भुंगेऱ्याची आहे का? पाहायचं कुठे, कसं आणि कोणत्या क्रमाने

ओंडका फोडताना किंवा मरत चाललेली फांदी कापताना आतून बोटाएवढी पांढरट-पिवळी अळी बाहेर पडते. बहुतेक जण आधी अळीचा फोटो काढतात, मग लाकूड पेटवून किंवा फेकून देतात आणि त्यानंतर विचारतात, "ही कुठली अळी?" तोवर अर्धं उत्तर लाकडाबरोबर गेलेलं असतं. सुरुवातीला मीही हेच केलं. एका वठलेल्या खोडातून सहा अळ्या काढल्या, त्या बाटलीत जपून ठेवल्या. पण झाड कोणतं, अळ्या सालीखाली होत्या की गाभ्यात, भुसा कसा होता, यातलं काहीही लिहून ठेवलं नाही. त्या अळ्या आजही माझ्याकडे आहेत. त्यांचं उपकुळ सांगता येतं, त्यापुढे एक पाऊलही जाता येत नाही.

म्हणून पुढे दिलेला क्रम महत्त्वाचा आहे. आधी लाकूड, मग भुसा, मग बोगदा आणि शेवटी अळी. आणि पुरावा जिथे संपतो तिथेच थांबायचं. "सेरॅम्बिसिडी कुळातली, लॅमिनी उपकुळातली अळी" हे खरं उत्तर, अंदाजाने चिकटवलेल्या जातीच्या नावापेक्षा कितीतरी उपयोगी पडतं.

नावांचा गोंधळ आधी सोडवू

लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या कुळाचं शास्त्रीय नाव सेरॅम्बिसिडी. आजवर त्यातल्या 35,000 च्या आसपास जातींची नोंद झाली आहे. बोलीत यांना वेगवेगळी नावं आहेत. आंब्याचं खोड पोखरणारा तो भिरूड, काजूचं खोड आणि मूळ पोखरणारा तो रोठा, आणि सरसकट सगळ्यांना खोडकिडा. यातलं 'खोडकिडा' हे नाव ओळखीसाठी अगदीच अपुरं आहे. भातावरचा खोडकिडा म्हणजे पतंगाची अळी. तिचा भुंगेऱ्यांशी काही संबंध नाही. कुणी "खोडकिडा लागलाय" म्हटलं तर त्यावरून एवढंच कळतं की काहीतरी आतून पोखरतंय.

ओळख पटवण्याची गरज काय, तर या कुळातल्या बहुसंख्य अळ्या मेलेलं किंवा कुजणारं लाकूड खातात आणि ते मातीत मिसळायला मदत करतात. त्यांना मारण्याचं काही कारण नाही. थोड्या जाती जिवंत झाडाला लागतात, आणि त्याहून थोड्या वाळलेल्या इमारती लाकडाला. या तिघींत गल्लत झाली की निरोगी झाडावर कीटकनाशक ओतलं जातं, किंवा छताची तुळई पोखरली जात असताना "जुनीच भोकं आहेत" म्हणून दुर्लक्ष होतं.

पायरी 1: लाकडाची नोंद

हत्यार लावण्याआधी वहीत लिहा: झाड कोणतं, ते जिवंत, मरतं, नुकतं मेलेलं, वाळलेलं की कुजलेलं, जागा बुंध्याशी, मुळात, खोडात की फांदीत, फांदीची जाडी, लाकूड ओलं की कोरडं. सगळ्यांत मोलाची नोंद म्हणजे अळी नेमकी कुठे होती: सालीच्या लगेच खाली, सालीलगतच्या कोवळ्या लाकडात की आतल्या गाभ्यात.

एवढ्यानेच उमेदवारांची यादी झपाट्याने लहान होते. जिवंत आंबा किंवा अंजिराच्या खोडात मोठी अळी असेल तर बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा आधी डोळ्यांसमोर यायला हवा. जिवंत कॉफीच्या खोडात झायलोट्रेकस क्वाड्रिपेस, म्हणजे कॉफीचा पांढरा खोडकिडा. 'साल' नावाच्या वृक्षाच्या गाभ्यात हॉप्लोसेरॅम्बिक्स स्पिनिकॉर्निस. कोरड्या सूचिपर्णी इमारती लाकडात हायलोट्रुपेस बाजुलस. पूर्ण कुजून भुसभुशीत झालेल्या ओल्या बुंध्यात आणि मुळांत प्रायोनिनी आणि लेप्ट्युरिनी उपकुळांतल्या अळ्या जास्त सापडतात. मात्र ही ओळख नव्हे, ही फक्त शोधाची दिशा. झाडाच्या नावावरून जात ठरवून मोकळं होणं ही या कामातली सर्रास होणारी चूक आहे, कारण एकाच मरत्या झाडात चार-पाच जाती सहज एकत्र नांदतात.

पायरी 2: भुसा

भुसा पांढऱ्या कागदावर घ्या आणि भिंगाखाली पसरा. त्यात लाकडाचे लांबट तंतू, कुसळासारखे तुकडे आणि विष्ठेचे दाणे मिसळलेले असतील तर लांब मिशांच्या भुंगेऱ्याची शक्यता बळकट होते. भिरूड असा भुसा भोकातून बाहेर ढकलतो, आणि भोकाखालच्या सालीवर रस ओघळलेला दिसतो. याउलट कॉफीचा खोडकिडा भुसा बाहेर टाकत नाही, बोगद्यातच घट्ट ठासतो. तिथे भुशाची वाट पाहत बसलात तर कीड हातातून निसटते. खोडावर उठलेले वळ हीच तिथली खूण. हायलोट्रुपेसच्या भुशात पिठासारख्या भुकटीबरोबर पिंपाच्या आकाराचे बारीक दाणे असतात.

भुसा कधी कधी लांब मिशांचा भुंगेरा नाहीच हेही सांगतो. बोटांत चोळल्यावर टाल्कम पावडरीसारखा लागला आणि भोकं 1-2 मिमीची असली तर ते घुणाचं काम. खसखशीएवढे, सहा बाजूंचे, कोरडे, सुटे दाणे पडत असतील तर कोरड्या लाकडातली वाळवी. सालीवर भुसा आणि विष्ठा रेशमी धाग्यांनी विणून पट्टे केलेले असतील तर साल खाणारी अळी, म्हणजे पतंगाची.

पायरी 3: बोगदा आणि भोक

बोगदा आडवा कापून त्याचा छेद पाहा. लांब मिशांच्या भुंगेऱ्याच्या अळीचा बोगदा बहुधा लंबगोल ते गोल असतो, आणि अळी वाढेल तसा रुंदावत जातो. अनेक जातींत अळी आधी सालीखाली वेडीवाकडी खाते, मग लंबगोल भोक पाडून लाकडात उतरते. रत्नभुंग्याच्या, म्हणजे ब्युप्रेस्टिडी कुळातल्या अळीचा बोगदा स्पष्ट चपटा असतो आणि त्यात भुशाचे कमानीसारखे थर एकावर एक दाबून बसवलेले दिसतात. बाहेर पडण्याच्या भोकातही फरक पडतो. हायलोट्रुपेसचं भोक लंबगोल, 6 ते 10 मिमी लांब आणि कडेला थोडं फाटकं असतं. अ‍ॅनोप्लोफोरा ग्लॅब्रिपेनिसचं (हा आशियाई लांब मिशांचा भुंगेरा) जवळजवळ अचूक गोल, 1 सेंमीच्या आसपास, पेन्सिल सहज शिरेल एवढं. रत्नभुंग्यांपैकी अ‍ॅग्रिलस गटाचं भोक एका बाजूने सपाट आणि दुसरीकडून कमानदार असतं.

एक सूचना मनापासून करतो. बाहेर पडण्याचं भोक दिसलं म्हणजे भुंगेरा निघून गेला. ज्या भोकातून तो गेला त्यात औषध भरण्यात अर्थ नाही. चालू काम ओळखायचं तर ताजा, फिकट रंगाचा भुसा शोधा आणि शांत वेळी लाकडाला कान लावा. मोठ्या अळीचं कुरतडणं खरोखर ऐकू येतं. पातळ पण ठाम खरखर; मग ती थांबते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते.

पायरी 4: अळी न चिरडता बाहेर काढणं

करवत बोगद्याला आडवी लावू नका, अळी मधोमध कापली जाते. दोन्ही टोकांना थोडं अंतर सोडून कापा आणि तुकडा पटाशीने तंतूंच्या दिशेने फोडा. डोळ्यांवर चष्मा हवाच. अळी दिसली की चिमट्याने ओढू नका. तिची पाठ आणि पोट दोन्ही भिंतींना टेकलेली असतात आणि ती अडून बसते. पुढची-मागची चिरफळी काढा, ती आपोआप मोकळी होते. अळी विषारी नसते, पण मोठ्या अळीचे जबडे बोटाला चिमटा काढू शकतात.

बाहेर काढल्यावर तिला लगेच मारू नका. खरबरीत लाकडावर ठेवून दोन मिनिटं नुसतं पाहा. लांब मिशांच्या भुंगेऱ्याची अळी सपाट जागेवर बिचारी होते, आडवी पडून वळवळते. तीच एखाद्या खाचेत ठेवा: पाठीवरचे आणि पोटावरचे उंचवटे फुगतात, भिंतीला चिकटतात, मागचं अंग पुढे ओढलं जातं, मग पुढचा भाग सुटतो आणि सरकतो. पाय जवळजवळ नसताना ती पाठीने आणि पोटाने चालते. हे चालणं एकदा पाहिलं की पुढची पायरी सोपी होते.

पायरी 5: सारख्या दिसणाऱ्या इतर अळ्या वगळणं

पहिला प्रश्न: अळी सरळ आहे की इंग्रजी 'सी' सारखी वाकलेली? वाकलेली असेल तर ती बहुधा आपली नव्हे. वाकलेली, जाडजूड आणि तीन जोड्या ठळक पायांची असेल तर हुमणी किंवा गेंड्या भुंग्याच्या गटातली. वाकलेली, बिनपायांची, लालसर-तपकिरी डोकं पूर्ण उघडं असलेली असेल तर सोंड्या भुंगेऱ्याची. वाकलेली पण जेमतेम काही मिमी लांब आणि कोरड्या लाकडाच्या भुकटीत असेल तर घुणाची.

सरळ असेल तर पोटाखाली पाहा. मांसल खोटे पाय आणि त्यांच्या तळाशी बारीक आकड्यांची वर्तुळं असतील तर पतंगाची अळी. शेपटाच्या टोकाला एकच टणक काटा असेल तर लाकूड पोखरणारी गांधीलमाशी, सिरिसिडी कुळातली. शरीर कडक, चकचकीत आणि पाय व्यवस्थित असतील तर क्लिक भुंगेऱ्याची अळी. ती कित्येकदा बोगद्यात आपल्या अळीला खायलाच शिरलेली असते. गुलाबी किंवा नारिंगी झाक, स्पष्ट पाय आणि शेवटी आकड्यांची जोडी दिसली तर तीही शिकारीच, क्लेरिडी कुळातली. बोगद्यात जी सापडली तीच बोगदा करणारी, असं गृहीत धरू नका.

खरी कसोटी लागते ती रत्नभुंग्याच्या अळीशी. तीही बिनपायांची, सरळ, पांढरट. पण डोक्यामागचा तिचा भाग एकदम रुंद आणि चपटा असतो, मागचं शरीर त्यापुढे दोरीसारखं बारीक. या रुंद भागावर वर आणि खाली, दोन्हीकडे कडक पट्टिका असते, आणि वरच्या पट्टिकेवर उलट्या 'व्ही' किंवा 'वाय' सारखी खाच असते. लांब मिशांच्या भुंगेऱ्याच्या अळीत पुढचा भाग रुंद असला तरी तो जाड असतो, मागे हळूहळू उतरत जातो, आणि कडक पट्टिका मुख्यतः वरच्याच बाजूला असते. शंका राहिली तर पाठीवरचे उंचवटे पाहा: रत्नभुंग्याच्या अळीला ते नसतात. माझ्या मते हीच सर्वांत भरवशाची खूण, कारण रुंदीचा अंदाज फोटोत फसवतो.

पायरी 6: कुळाची खात्री

10 पट भिंगाखाली या गोष्टी एकत्र दिसल्या पाहिजेत. डोकं अर्धंअधिक वक्षाच्या पहिल्या खंडात ओढलेलं, पुढे फक्त गडद तपकिरी-काळे जबडे आणि त्यांच्याभोवतीची कडा. वक्षाचा पहिला खंड सगळ्यांत मोठा. पाय नसलेले किंवा अगदी बारीक. उदराच्या साधारण पहिल्या सात खंडांवर, पाठीला आणि पोटाला, चालण्याचे उंचवटे. कुशीला श्वसनरंध्रांच्या नऊ जोड्या: एक वक्षावर, आठ उदरावर, वक्षावरची जोडी सहसा मोठी.

कोष सापडला तर कुळाबद्दल शंकाच उरत नाही. कोषाच्या पोटावर लांब मिशा वळसे घेऊन स्वच्छ मांडलेल्या दिसतात.

पायरी 7: उपकुळ

इथे वेळ द्या. आधी पाय बघा. अळी उताणी करून वक्षाच्या खालच्या बाजूला तिरका उजेड पाडा. पाय अजिबात नाहीत, डोकं रुंदीपेक्षा लांब, कडा जवळजवळ समांतर, जबड्याचं टोक तिरकं कापून अणकुचीदार झालेलं: ही लॅमिनी. भिरूड आणि अ‍ॅनोप्लोफोरा याच उपकुळातले. भिरुडाची पूर्ण वाढलेली अळी 10 सेंमीच्या घरात जाते, अ‍ॅनोप्लोफोरा ग्लॅब्रिपेनिसची 5 सेंमीपर्यंत.

पाय आहेत पण टाचणीच्या टोकाएवढे, डोकं आडवं रुंद, आणि जबडे आखूड, टोकाला गोल, पन्हळीच्या पटाशीसारखे: ही सेरॅम्बिसिनी. कॉफीचा खोडकिडा, साल वृक्षाचा हॉप्लोसेरॅम्बिक्स, हायलोट्रुपेस हे सगळे इथले. या गटातल्या काही अळ्यांचे पाय इतके खुरटलेले असतात की भिंगात सुटून जातात. म्हणून पाय दिसले नाहीत एवढ्यावरून लॅमिनी म्हणू नका, जबड्याचा आकार पाहिल्याशिवाय निर्णय नको. पायांवर विसंबून आणि जबडे न पाहता मी स्वतः ही चूक केली आहे.

अळी खूप मोठी, पाय लहान पण स्पष्ट, आणि जबड्यांच्या वर डोक्याच्या पुढच्या कडेला दातेरी उंचवटे असतील तर प्रायोनिनी. डोकं चपटं आणि रुंद, पाय त्यातल्या त्यात लांब, जागा ओलसर कुजकं लाकूड किंवा सालीखालचा थर असेल तर लेप्ट्युरिनी. यातल्या ऱ्हेजियम प्रजातीची अळी सालीखाली लाकडाच्या तंतूंचं गोल कडं रचून त्यात कोष करते, आणि ते घरटं पाहिल्यावर अळी नसली तरी ओळख पटते. सूचिपर्णी लाकडात उदराच्या नवव्या खंडावर दोन बारीक काटे शेजारी-शेजारी दिसले तर स्पाँडिलिडिनी, विशेषतः आर्होपॅलस, तपासून पाहा.

पायरी 8: जातीच्या जवळ

इथून पुढे सूक्ष्मदर्शक लागतो आणि बऱ्याचदा रस्ता संपतो, कारण या कुळातल्या बहुतेक जातींच्या अळ्यांचं वर्णन अजून झालेलंच नाही. तरी काही खुणा कामाच्या आहेत. डोक्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी तीन साधे डोळे एका ओळीत असणं ही इमारती लाकडातल्या हायलोट्रुपेसची नामी खूण. अ‍ॅनोप्लोफोरामध्ये वक्षाच्या पहिल्या खंडावरच्या गडद नक्षीचा आकार पाहतात. चालण्याच्या उंचवट्यांवर बारीक कण आहेत की सुरकुत्या, त्यांच्या किती ओळी आहेत, श्वसनरंध्राचा आकार कसा, हेही टिपून ठेवा.

आकारावरून जात ठरवू नका. लहान अवस्थेतली मोठ्या जातीची अळी आणि पूर्ण वाढलेली लहान जातीची अळी सारखीच दिसते. कोषाच्या तयारीतली अळी आखडते, जाड आणि सुरकुतलेली होते, तेव्हा तिची मापं निरुपयोगी ठरतात. मापच द्यायचं तर शरीराच्या लांबीबरोबर वक्षाच्या पहिल्या खंडाची आणि डोक्याच्या कवचाची रुंदी द्या. कवच ताणत नाही.

पायरी 9: नमुना टिकवणं

थेट अल्कोहोलमध्ये टाकलेली अळी काही दिवसांत काळी पडते आणि खुणा झाकल्या जातात. त्याऐवजी उकळीला आलेलं पाणी आचेवरून उतरवून त्यात अळी सोडा; लहान असेल तर मिनिटभर, मोठी असेल तर तीन-चार मिनिटं. ती सरळ, ताठ होते. मग 70 ते 80 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदला, कारण अळीच्या अंगातलं पाणी ते पातळ करतं. एकाहून जास्त अळ्या असतील तर एक न उकळता 95 टक्के अल्कोहोलमध्ये, थंड जागी वेगळी ठेवा. डीएनए तपासणीसाठी तीच कामाला येते. फॉर्मॅलिन टाळा, त्याने डीएनए खराब होतो.

चिठ्ठी पेन्सिलने लिहा आणि बाटलीच्या आत टाका. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी अल्कोहोल सांडलं की पुसली जाते. तारीख, ठिकाण, झाड, लाकडाची अवस्था, अळीची जागा, आणि त्याच क्रमांकाच्या पाकिटात थोडा भुसा. फोटो काढताना पाठ, पोट, कूस, समोरून जबडे आणि मागचं टोक, असे पाच घ्या, प्रत्येकात मोजपट्टी ठेवा. एकट्या पाठीच्या फोटोवरून पाय दिसत नाहीत, आणि पायांशिवाय उपकुळ ठरत नाही.

पायरी 10: भुंगेरा होईपर्यंत वाढवणं

जात हवीच असेल तर हाच खात्रीचा मार्ग. पोखरलेलं लाकूड कापून दोन्ही टोकांना मेण लावा म्हणजे ते लवकर वाळणार नाही, आणि धातूच्या जाळीचं झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. प्लॅस्टिकचा किंवा लाकडाचा डबा ते कुरतडून बाहेर पडतात. अळी आधीच सुटी झाली असेल तर त्याच जातीच्या झाडाच्या ओंडक्यात तिच्याहून किंचित रुंद भोक पाडा, डोकं आत करून तिला सोडा आणि तोंड भुशाने बंद करा. एका भोकात एकच अळी. दोघी समोरासमोर आल्या की एक दुसरीला चावून मारते. जिवंत अळी किंवा तिचं लाकूड दुसऱ्या भागात मात्र नेऊ नका. अ‍ॅनोप्लोफोरा ग्लॅब्रिपेनिस 1996 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सापडला तो पॅकिंगच्या लाकडातून पोचला असावा असं मानतात, आणि म्हणूनच देशांदरम्यान जाणाऱ्या अशा लाकडाचा गाभा 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

वाट किती पाहायची? जिवंत झाडातल्या जाती कित्येकदा वर्ष-दोन वर्षांत निघतात. कोरड्या लाकडात पोषण कमी, म्हणून हायलोट्रुपेसला तीन ते दहा वर्षं लागू शकतात. एबुरिया क्वाड्रिजेमिनाटा ही जात तर फर्निचर घडवून झाल्यावर 40 वर्षांपर्यंत उशिराने बाहेर आल्याच्या नोंदी आहेत. डब्यावर तारीख लिहा, आठवड्यातून एकदा उघडून ओल तपासा, आणि पहिला भुंगेरा निघाला की त्याच्या शेजारी अळीने टाकलेली शेवटची कात शोधा. कोषाच्या खोलीत, तळाशी चुरगळलेली पडलेली असते ती. डोक्याचं कवच आणि जबडे तिच्यावर शाबूत असतात. ती कात आणि तो भुंगेरा एकाच क्रमांकाने ठेवा. पुढच्या वेळी तशाच जबड्यांची अळी सापडली तर ताडून पाहायला हातात खात्रीचा नमुना असेल.